अर्धशिशी आणि एमआरआयमधले पांढरे ठिपके

डोकं अर्ध्या बाजूने ठणकायला लागलं की आपल्याकडे आधी पित्तावर आळ येतो, मग चष्म्याच्या नंबरवर. दोन्ही निस्तरूनही ठणका थांबला नाही, की कोणीतरी म्हणतंच, ‘एकदा एमआरआय काढून टाका, काय ते कळेल.’ वाणगावच्या मिरची बागायतदाराला त्यासाठी तोडणीचा दिवस मोडून मुंबई नाहीतर वापी गाठायची, वर खिसाही रिकामा करायचा. एवढं करून अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाही ती नाहीच. तिचं निदान विचारपूस करूनच होतं: दुखणं ४ ते ७२ तास टिकतं का, मळमळतं का, उजेड-आवाज नकोसा होतो का, चढ-उतार केली की वाढतं का.

खरा घोळ होतो तो रिपोर्ट हातात पडल्यावर. बहुतेकांचा नॉर्मल येतो. काहींच्या रिपोर्टात मात्र ‘नॉनस्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज’ अशी एक ओळ असते आणि घरात ‘मेंदूत डाग’ सुरू होतं. कोणी गाठ म्हणतं, कोणी आता लकवा येणार म्हणतं. ही गाठ नव्हे. असे बारीक पांढरे ठिपके वयाने, रक्तदाबाने, मधुमेहानेही पडतात. कधीच डोकं न दुखलेल्यांतही सापडतात. अर्धशिशीवाल्यांत ते थोडे जास्त आढळतात, इतकंच. नेदरलँड्समधल्या ‘कॅमेरा’ अभ्यासात त्याच माणसांचा एमआरआय ९ वर्षांनी पुन्हा काढला. २०१२ साली निष्कर्ष आले: अर्धशिशी असलेल्या ७७ टक्के बायकांत ठिपके वाढले होते. पण अर्धशिशी नसलेल्या बायकांतही ६० टक्क्यांत वाढले होतेच! स्मरणशक्ती, विचारशक्ती या ठिपक्यांमुळे घसरलेली दिसली नाही. जितके झटके जास्त तितके ठिपके जास्त, असंही आढळलं नाही.

लकव्याची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचा संबंध प्रामुख्याने वेगळ्या प्रकाराशी आहे. डोकं दुखण्याआधी ज्यांना डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्यांच्यात हा धोका किंचित जास्त असतो. बिडी-सिगारेटने आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो आणखी वाढतो. अशा बाईने गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना या रेषांबद्दल सांगायलाच हवं. सहसा कोणी सांगत नाही.

मग एमआरआय किंवा सीटी स्कॅन कधी? आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, फिट आली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवं दुखणं सुरू झालं, तर. यातलं अचानक काही झालं तर दुकानातली गोळी घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही. रात्रीच दवाखाना गाठायचा.