खांदा आखडलाय? फिजिओथेरपीचा पहिला दिवस

खांदा आखडतो तेव्हा सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि घट्ट झालेलं असतं. मधुमेहींना हा त्रास जास्त होतो. फिजिओथेरपिस्टकडे जाताना सैल कपडे घाला, एक्स-रे आणि औषधांची यादी सोबत न्या. पहिल्या दिवशी बराच वेळ तपासणीतच जातो. दुखणं 0 ते 10 मध्ये किती, दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोप लागते का, केस विंचरता येतात का, असं विचारतात. मग गोनिओमीटर लावून हात किती अंशांपर्यंत उचलला जातो, ते टिपून ठेवतात. त्यानंतर शेक, पुलीचा व्यायाम, भिंतीवर बोटं चढवणं. थोडं ठणकलं तर घाबरू नका. दुखणं रात्रभर राहिलं तर मात्र सांगा. घरचा व्यायाम चुकवू नका. खांदा मोकळा व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त.