नायकाच्या चेहऱ्याचा रंग

परीकथेंतील राजपुत्र गोरा असतो, हें मुलाला कोणी शिकवावें लागत नाहीं. पुस्तकांतलीं चित्रें, आजीच्या तोंडचीं विशेषणें, नव्या सुनेविषयीं घरांत चाललेलीं बोलणीं, या साऱ्यांतून तें त्याच्या मनांत नकळत उतरतें. उपदेशानें तें निघत नाहीं. कारण उपदेश ऐकतांना प्रत्येकजण स्वतःला चांगल्यांच्याच पंक्तींत बसवीत असतो. उर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेनें हें ओळखून निराळीच युक्ति योजिली.

ल ग्विन यांचा जन्म १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे विख्यात मानववंशशास्त्रज्ञ होते. आई थिओडोरा यांनीं लिहिलेलें, आपल्या जमातींतील शेवटचा उरलेला आदिवासी पुरुष इशी याचें चरित्र १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. भिन्न वंशाचीं माणसें या घराला परकीं नव्हतीं. १९६७ सालीं बर्कलीच्या पार्नासस प्रेसच्या चालकांनीं ल ग्विन यांना कुमार वाचकांसाठीं पुस्तक लिहिण्याची विनंति केली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भिन्नवर्णीय विवाहांवर बंदी घालणारे कायदे रद्द केले. तोंवर सोळा राज्यांत ते चालूच होते! अशा काळांत, १९६८ सालीं, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ हें पुस्तक बाहेर पडलें.

कथा घडते ती असंख्य बेटांच्या एका कल्पित जगांत. गाँट या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा पोरगा आहे. पुढें त्याचें खरें नांव गेड असें ठरतें. पूर्वेकडून कार्ग नांवाचे लुटारू गांवावर चालून येतात. पोरगा मंत्रानें धुकें उभें करतो, शत्रु त्यांत वाट चुकतात आणि गांव वांचतो. हे कार्ग गोऱ्या कातडीचे व पिवळ्या केसांचे आहेत, हें लेखिका सांगते. नायकाच्या रंगाचा मात्र ती कोठेंच बोभाटा करीत नाहीं. पुढें गेड रोक बेटावरील जादूगारांच्या विद्यालयांत जातो, तेथें व्हेच नांवाचा सालस सहाध्यायी त्याला भेटतो. आणि त्याचें वर्णन करतांना सहज येऊन जातें कीं, हा गेडसारखा तांबूस-तपकिरी नव्हता, त्याहून पुष्कळ काळा होता.

येथें वाचक थबकतो. गेडला त्यानें आपल्या मनानें गोरा करून टाकलेलें असतें. आणि त्याच्यावर जीवहि जडलेला असतो. आतां रंग कळला म्हणून तो जीव काढून घेतां येत नाहीं. पूर्वग्रह दुसऱ्या कोणाचा नव्हता, वाचतां वाचतां आपणच तो केला, हें त्याला कोणी न सांगतां कळतें.

मौज अशी कीं, पुस्तकें छापणाऱ्यांना तें पुष्कळ वर्षें कळलें नाहीं. पहिल्या आवृत्तीवर रूथ रॉबिन्स यांनीं गेडचा चेहरा तांबूस-तपकिरीच रंगविला होता. परंतु पुढच्या कितीतरी मुखपृष्ठांवर तो गोरा झाला. २००४ सालीं दूरचित्रवाणीवर ही कथा दाखविण्यांत आली तेव्हां तर गेडच्या भूमिकेसाठीं गोराच नट निवडला गेला. ल ग्विन यांनीं लगेच लेख लिहून त्याचा जाहीर निषेध केला.

दुसरें पुस्तक, ‘द टूम्स ऑफ अतुआन’, १९७१ सालचें. त्यांत लेखिका शत्रूच्या, म्हणजे गोऱ्या कार्गांच्या देशांत जाते, आणि हाच या मालेंतील सर्वांत मोलाचा भाग होय. तेनार नांवाची मुलगी लहानपणींच आईबापांपासून तोडून थडग्यांच्या देवस्थानाची मुख्य पुजारीण केलेली आहे. तिचें नांवहि काढून घेतलेलें आहे. सावळे जादूगार पाखंडी व शापित, लेखनविद्या म्हणजे काळी करणी, असें तिच्या मनावर बिंबविलेलें आहे. एके दिवशीं देवस्थानाखालच्या अंधाऱ्या भुयारांत तसाच एक जादूगार शिरलेला तिला आढळतो. तो गेड. त्याला तहानेनें मरूं देणें हा तिचा धर्म. पण ती त्याला पाणी देते. मग प्रश्न, मग बोलणें, आणि शेवटीं तो तिला तिचें विसरलेलें नांव परत देतो. एवढ्या मोठ्या द्वेषाची भिंत एका पाण्याच्या घोटानें कशी खचूं लागते, हें ज्या संयमानें दाखविलें आहे तो मोठमोठ्या कादंबरीकारांनाहि सहज साधत नाहीं.

तरीपण लेखिकेच्या स्वतःच्या दृष्टींतहि एक कोपरा अंधाराच राहिला होता. रोकच्या विद्यालयांत मुलींना प्रवेश नाहीं, आणि खेड्यांतील चेटकिणींची विद्या हलकी, असें त्यांनीं सहज लिहून टाकलें होतें. ही चूक पुढें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केली. ज्यानें दुसऱ्यांचे पूर्वग्रह दाखविले त्यानें आपलाहि तपासावा, असें क्वचितच घडतें.

त्या तपासाचें फळ म्हणजे १९९० सालचें ‘तेहानू’. तेनार आतां शेतकऱ्याची विधवा आहे, गेडची जादू संपलेली आहे. निर्दय माणसांनीं आगींत लोटलेली एक पोर तेनारनें घरीं आणली आहे. थेरू असें तिचें नांव. तिचा अर्धा चेहरा व एक हात जळून गेलेला. गांवचे लोक तिच्याकडे पाहणें टाळतात. इतकें वाईट ज्याच्या वांट्याला येतें त्याचेंच कांहीं वाईट असणार, अशी त्यांची समजूत. वाचकालाहि तिच्याकडे नजर लावून पाहणें प्रथम जड जातें. अखेरीस एक दुष्ट जादूगार तेनार व गेड यांना बांधून कड्यावरून लोटण्याच्या बेतांत असतो, तेव्हां ही पोरच आकाशाकडे तोंड करून कलेसिन या वृद्ध ड्रॅगनला त्याच्या भाषेंत हांक मारते. तो अग्निमुखी महासर्प खालीं उतरतो आणि तिला तिच्या खऱ्या नांवानें संबोधितो. तोंवर तें नांव तिला वाढविणाऱ्या तेनारलाहि ठाऊक नसतें.