तेल, समुद्र आणि ताळा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला गणित शिकवले. उत्तर बरोबर आले तरी त्याखाली ताळा मांडलेला नसेल, तर ते अर्धे गुण कापीत. उत्तर स्वतःचे की शेजाऱ्याचे, हे ताळ्यावरून कळते, असे त्यांचे मत होते. पुढे आयुष्याची काही वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि उरलेली जहाजांचा सर्वेक्षक म्हणून काढल्यावर मला असे दिसून आले, की समुद्राला तेलापासून वाचवण्याची सारी जागतिक व्यवस्था याच ताळ्यावर उभी आहे. ती कशी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर डांबराच्या काळ्या गोळ्या येऊन पडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पायाला लागलेले डांबर रॉकेलच्या चिंधीने पुसल्याशिवाय घरात प्रवेश मिळत नसे. रापणीच्या जाळ्याला ते लागले तर रापणकाराचा दिवस वाया जातो. समुद्रात पडलेल्या तेलाचा हलका अंश उडून जातो, जड अंश लाटांत घुसळला जाऊन घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचे वारे त्याला किनाऱ्याकडे लोटतात. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या गोळ्यांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा त्यांच्या उगमांत पश्चिम किनाऱ्यावरील तेलक्षेत्रांबरोबरच तेलवाहू जहाजांतून टाकलेले धुवण आढळले. मी आज जहाजांपुरतेच बोलणार आहे.

जहाज फुटले की वर्तमानपत्रांत बातमी येते. परंतु न फुटलेल्या जहाजांतूनही तेल समुद्रात जाते आणि त्याची बातमी होत नाही. त्याच्या वाटा मुख्यतः दोन. तेल उतरवून रिकामे झालेले जहाज पाण्यात स्थिर राहावे म्हणून पूर्वी त्याच टाक्यांत समुद्राचे पाणी भरीत आणि पुढच्या बंदराआधी ते तेलकट पाणी, टाक्यांच्या धुवणासह, समुद्रात सोडून देत. दुसरी वाट प्रत्येक जहाजाची. पंप ठिबकतात, सांधे गळतात आणि इंजिनरूमच्या तळाशी तेलमिश्रित पाणी साचते. त्याला आम्ही बिल्ज म्हणतो. शिवाय जड इंधन वापरण्यापूर्वी शुद्ध करावे लागते, त्यातून काळा गाळ उरतो. हा गाळ आणि हे पाणी रोजचे आहे. जहाज चालते तोवर ते थांबत नाही.

याविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९५४ साली लंडनमध्ये झाला. परंतु जगाचे डोळे उघडले ते १८ मार्च १९६७ रोजी. त्या दिवशी ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर चढले आणि त्यातील सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल समुद्रात व दोन देशांच्या किनाऱ्यांवर पसरले. उरलेले तेल जाळण्यासाठी ब्रिटिश सरकारला जहाजावर बॉम्ब टाकावे लागले. या आपत्तीनंतर १९७३ साली ‘मार्पोल’ करार झाला. १९७८ साली त्याला पूरक करार जोडला गेला आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून दोन्ही मिळून अंमलात आले. १९७८ च्या सुधारणेने मोठ्या नव्या तेलवाहू जहाजांना स्थैर्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र टाक्या सक्तीच्या केल्या. म्हणजे तेल आणि पाणी एकत्र येण्याचे कारणच काढून टाकले. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ फुटले आणि १९९३ पासून नव्या तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ व दुहेरी बाजू आल्या. नियमांच्या या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणामागे एक बुडालेले जहाज आहे.

नियम तरी काय सांगतात? तेलवाहू जहाजाने आपल्या टाक्यांतील तेलकट पाणी सोडायचे तर जमिनीपासून ५० सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, मैलामागे ३० लिटरपेक्षा अधिक तेल जाणार नाही अशा बेताने. आणि नव्या जहाजाच्या बाबतीत एकूण तेल आधीच्या मालाच्या तीस हजाराव्या भागाहून अधिक नाही. विशेष म्हणून जाहीर केलेल्या समुद्रांत तेही चालत नाही. इंजिनरूमचे बिल्ज सेपरेटर नावाच्या यंत्रातून गाळूनच सोडावे लागते आणि त्यात दहा लाख भागांत १५ भागांहून जास्त तेल असता कामा नये. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणायचे असेल, तर एक हजार लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे तेल, एवढे धरावे. काळा गाळ मात्र समुद्रात मुळीच टाकता येत नाही. तो जहाजावरच्या भट्टीत जाळावा किंवा बंदरात उतरवावा.

हे पाळले जाते की नाही, हे पाहणे मुळात ज्या देशाचा ध्वज जहाजावर फडकतो त्या देशाचे काम. तो ठरावीक मुदतीने सर्वेक्षण करून प्रमाणपत्र देतो. परंतु काही देशांचे ध्वज केवळ सोयीसाठी घेतलेले असतात. १९७८ च्या मार्चमध्ये ‘अमोको कॅडिझ’ या जहाजाचे सुकाणू बिघडून फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सुमारे २,२३,००० टन तेल सांडले, तेव्हा युरोपातील देशांनी ठरवले, की आपल्या बंदरात येणारे परक्या ध्वजाचे जहाज आपणही तपासायचे. त्यांचा हा समझोता १९८२ साली पॅरिसमध्ये झाला. हिंदी महासागरातील देशांनी असाच समझोता करून तो १ एप्रिल १९९९ पासून अंमलात आणला. त्याचे सचिवालय आपल्या गोव्यात आहे, ही गोष्ट या सभागृहातही फार थोड्यांना ठाऊक असेल. एका बंदरात दोषी आढळलेल्या जहाजाची माहिती इतर बंदरांना मिळते आणि दोष गंभीर असेल तर तो दूर होईपर्यंत जहाज अडवून ठेवता येते.

आता मी ताळ्याकडे येतो. भर समुद्रात मध्यरात्री कोणी काय सोडले, हे पाहायला सर्वेक्षक तेथे नसतो. तो येतो बंदरात, काही तासांसाठी. त्याच्या हाती एक वही दिली जाते. तिला तेलाची नोंदवही म्हणतात. तेलाचा, गाळाचा, बिल्जचा प्रत्येक व्यवहार तीत लिहावा लागतो. त्याखाली संबंधित अधिकाऱ्याची सही, पान भरले की कप्तानाची सही, आणि शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे वही जपून ठेवणे बंधनकारक.

वही खरी आहे का, हे वहीच सांगते. समजा, जहाज दररोज ३० टन जड इंधन जाळते. त्याचा साधारण शेकडा दीड भाग गाळ धरला तर रोज ४५० किलो, वीस दिवसांच्या सफरीत ९ टन. वहीत २ टन बंदरात उतरवल्याची नोंद आहे, टाकीत १ टन सापडतो. उरलेले ६ टन कोठे आहेत? भट्टीत जाळले, असे उत्तर येते. भट्टी तासाला २५ लिटर जाळते, म्हणजे अहोरात्र चालली तरी ६०० लिटर. आणि वही म्हणते, एका दिवसात २,००० लिटर जाळले. येथे गणित संपते आणि चौकशी सुरू होते. मग सर्वेक्षक खाली उतरतो, जुन्या नळाच्या सांध्यावर ताजा रंग दिसतो का, बोल्टांवर पान्याच्या नव्या खुणा आहेत का, हे पाहतो. बाहेर जाणारा नळ उघडून आत बोट फिरवतो. सेपरेटरला वळसा घालणारा चोरनळ असा सापडतो. त्याला खलाशांच्या भाषेत ‘मॅजिक पाइप’ म्हणतात.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, त्याचे कारण सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. १९८४ साली मी एका जहाजावर चौथा इंजिनियर होतो. बिल्जची टाकी भरली होती, सेपरेटर तुंबला होता आणि त्याचे सुटे भाग जहाजावर नव्हते. रात्री वरिष्ठांच्या आज्ञेवरून आम्ही रबरी नळी जोडून टाकी थेट समुद्रात रिकामी केली. कोकणचा किनारा फार दूर नव्हता. सकाळी वही माझ्यापुढे आली. पाणी सेपरेटरमधून गाळून सोडले, असे तीत लिहिले होते. मी सही केली. किती तेल गेले हे मला आजही सांगता येत नाही, कारण मोजणारे यंत्रच आम्ही टाळले होते. पुढच्या रजेत घरी आलो, तेव्हा किनाऱ्यावर काळ्या गोळ्या होत्या. त्या आमच्याच होत्या असे मी म्हणत नाही. पण आमच्या नव्हत्या, असेही मला म्हणता येईना. गुरुजी तेव्हा हयात होते. मी त्यांना भेटायला गेलो नाही.

माझ्याहून धैर्यवान माणसे असतात. २०१३ साली ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनियरने असाच चोरनळ पाहिला आणि इंग्लंडच्या बंदरात उतरून अधिकाऱ्यांना कळवले. २०१६ च्या डिसेंबरात त्या कंपनीने अमेरिकेत गुन्हे कबूल करून ४ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. अमेरिकेत अशा अनेक खटल्यांचा मुख्य आधार खोटी वही हाच असतो. कारण तेल परक्या समुद्रात सांडले तरी खोटी वही त्यांच्या बंदरात सादर झालेली असते.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. गाळ उतरवून घेण्याची सोय करणे हे त्याच करारान्वये बंदर असलेल्या देशांचे कर्तव्य आहे. जेथे ती सोय नाही, किंवा तिला इतका वेळ आणि पैसा लागतो की मालक नाराज होतो, तेथे आपण त्या तरुण इंजिनियरला मोहाच्या तोंडी देतो. दंड आणि सोय ही दोन्ही हवीत. एकट्या दंडाने लोक वही अधिक सफाईने खोटी लिहायला शिकतात.

गोव्याच्या घराघरांतून तारवटी बाहेर पडले आणि अजूनही पडतात. या शाळेतील काही मुले उद्या जहाजावर जातील. एखाद्या पहाटे त्यांच्यापुढेही आधीच लिहिलेली वही येईल आणि केवळ सही मागितली जाईल. त्या वेळी समुद्रात दुसरा कोणी साक्षीदार नसेल. तेव्हा त्यांनी सही करण्यापूर्वी ताळा मांडून पाहावा, एवढेच त्यांना माझे सांगणे आहे. मी तो मांडला नाही. आणि गुरुजींनी कापले असते ते गुण मी आज, आपणा सर्वांसमक्ष, स्वतःच कापून घेत आहे.