मोर दिसला म्हणून यझिदी हिंदू होत नाहीत

बिबवेवाडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो: इराकमधले यझिदी मूळचे हिंदूच. पुरावा काय, तर ते मोर पूजतात, तिन्हीसांजेला दिवे लावतात, देवस्थानात अनवाणी जातात. मोर म्हटला की आपल्याला पर्वतीवरचा कार्तिकेय आठवणारच. पण साम्य म्हणजे नातं नव्हे.

यझिदींचा मोर कुणाचं वाहन नाही. ‘ताऊसी मेलेक’ हा सात देवदूतांचा प्रमुख, तोच मोररूपात पूजला जातो. बहुतेक यझिदींची बोली कुर्मांजी कुर्दी. बाराव्या शतकात शेख अदी हे सूफी संत उत्तर इराकमधल्या लालिशच्या खोऱ्यात स्थिरावले. त्यांची कबर हेच यझिदींचं सर्वांत मोठं तीर्थ. जुन्या इराणी श्रद्धा आणि सूफी वळण मिळून हा पंथ घडला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. धातूचा मोर घेऊन कव्वाल गावोगाव जातात, स्तोत्रं गातात. धर्म टिकला तो मुखोद्गतच. सगळे यझिदी स्वतःला कुर्द म्हणवतात असंही नाही. आर्मेनियात त्यांची वेगळी नोंद होते.

दुसरा गैरसमज मात्र जीवघेणा: ‘हे सैतानाचे पूजक’. आदमापुढे न झुकल्यानं सैतान ठरलेल्या देवदूताची कथा शेजाऱ्यांनी ताऊसी मेलेकला चिकटवली. यझिदींच्या लेखी तो शापित नाही, ईश्वराचा विश्वासू आहे. एवढ्या आळापायी पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारली गेली.

आणि हे सगळं आयसिसपासून सुरू झालं, हेही खोटं. 1832 मध्ये रवांदुझच्या कुर्दी अमिरानं कत्तल केली. 1892 मध्ये उस्मानी सैन्यानं सक्तीनं धर्मांतरं करवली. सद्दामच्या राजवटीनं गावं उठवून लोकांना वसाहतींत कोंबलं. ऑगस्ट 2007 मध्ये ट्रकबॉम्बनी उत्तर इराकमधल्या सिंजारजवळची दोन यझिदी गावं उद्ध्वस्त केली. 2014 च्या संहाराला यझिदी चौऱ्याहत्तरावं ‘फर्मान’, म्हणजे कत्तलीची लाट, म्हणतात, त्यावरून मोजा.

3 ऑगस्ट 2014 ला आयसिस सिंजारवर चालून आली. रक्षणाला ठेवलेले कुर्दी पेशमर्गा सैनिक आधीच माघारी फिरले होते. हजारो लोक पाण्यावाचून डोंगरावर अडकले. 15 ऑगस्टला, आपल्याकडे झेंडावंदन झालं त्या दिवशी, कोचो गावातल्या पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या, तरुण मुली गुलाम म्हणून विकायला नेल्या गेल्या. पुढे 2018 चं शांततेचं नोबेल मिळालेली नादिया मुराद याच गावची.

संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं 2016 मध्ये आयसिसच्या या अत्याचारांना वंशसंहार म्हटलं. यझिदींच्या वंशसंहारासाठी पहिली शिक्षा 2021 मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयानं सुनावली. पळवून नेलेल्या सहा हजारांहून अधिक यझिदींपैकी अडीच हजारांवर जणांचा अजून ठावठिकाणा नाही.