कार्डातील शिल्लक आणि पेढीचा हिशेब

आमचे बाबूजी आज शहात्तर वर्षांचे आहेत. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखान्यांना नट-बोल्ट आणि किरकोळ हार्डवेअर पुरवण्याचा आमचा व्यवसाय. बराचसा माल पुण्याच्या रविवार पेठेतून, बोहरी आळीतून येतो. आता भाव फोनवर ठरतात आणि माल टेम्पोने येतो. तरीही माल हाताळून पाहिल्याविना सौदा करायचा नाही, हा बाबूजींचा नेम सुटलेला नाही. स्कूटर आम्ही त्यांच्याकडून काढून घेतली, तेव्हा ते महिनाभर अबोल होते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि त्यांची बाजारवारी पुन्हा सुरू झाली. नाशिक फाट्याजवळच्या भोसरी स्थानकात चढायचे, मंडईला उतरायचे आणि पायी आळीत शिरायचे. कोणाच्या सोबतीची गरज नाही.

बाबूजी स्मार्टफोन वापरत नाहीत. त्यामुळे मोबाइलवरचे तिकीट त्यांच्या कामाचे नाही आणि दर खेपेस खिडकीपाशी रांगेत उभे राहणे गुडघ्यांना सोसत नाही. म्हणून मुलाने त्यांना बँकेचे प्रवासी कार्ड आणून दिले. एका सकाळी त्याने दुकानात बसूनच त्या कार्डावर पाचशे रुपये भरले. बाबूजी स्थानकात गेले, कार्ड टेकवले. फाटक उघडले नाही. पुन्हा टेकवले, तरी तेच. मागे माणसे खोळंबलेली. ते परत फिरले आणि दुकानात येऊन एवढेच म्हणाले, “पैसे भरले म्हणतोस, मग गेले कुठे?”

हा प्रश्न एका व्यापाऱ्याचा होता आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधताना जे कळले, ते आपल्या घराघरांत उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

अशा कार्डात दोन खिसे असतात. एक बँकेकडील हिशेबाचा आणि दुसरा कार्डाच्या चिपमध्ये प्रत्यक्ष साठवलेल्या रकमेचा. मेट्रोचे फाटक बँकेला विचारत बसत नाही. कार्ड जवळ नेताच फाटकावरील यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते. कार्डात बॅटरी नसते. आपण कोठे व केव्हा आत शिरलो याची नोंद चिपवर होते. उतरताना दुसरे फाटक ती नोंद वाचते, भाडे काढते आणि चिपमधील शिल्लक तेवढ्याने कमी करते. हे सारे क्षणार्धात उरकते. गर्दीच्या वेळी बँकेच्या होकाराची वाट पाहत प्रत्येक प्रवासी थांबला असता, तर रांग जिन्यापर्यंत गेली असती.

मुलाने भरलेले पाचशे रुपये बँकेकडील हिशेबात जमा झाले होते. चिपमध्ये उतरले नव्हते. त्यासाठी स्थानकातील खिडकीवर वा यंत्रावर कार्ड एकदा टेकवून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते. म्हणजे हुंडी आली होती, वटवायची राहिली होती. हे सांगताच बाबूजींचा राग मावळला. मात्र “हे आधी सांगायला काय झाले होते?” हा त्यांचा प्रश्न आजही कायम आहे, आणि तो रास्त आहे. पैसे भरण्याच्या पडद्यावर एवढे एक वाक्य ठळकपणे असते, तर एका वृद्धाला माणसांसमोर ओशाळे होऊन परतावे लागले नसते.

ही व्यवस्था देशभर एकच असावी, या हेतूने ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाचा आरंभ झाला. ते रुपे कार्डाच्या पायावर उभे आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत ‘मुंबई वन’ कार्ड आले. पुण्यात ‘एक पुणे कार्ड’ आहे. आपल्या खिशातील प्रत्येक बँक कार्ड फाटकावर चालेल, असा मात्र समज नको. ज्या रुपे कार्डात ही प्रवासाची सोय दिलेली आहे तेच चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ओळखपत्रांच्या पडताळणीशिवाय केवळ प्रवासासाठी कार्डे देण्यास मुभा दिली. त्यांत एका वेळी तीन हजार रुपयांपेक्षा अधिक शिल्लक ठेवता येत नाही आणि भरलेली रक्कम रोखीने परत काढता येत नाही.

येथे आपल्यातील व्यापारी जागा व्हावा. परत न मिळणारी, व्याज न देणारी आगाऊ रक्कम आपण दुसऱ्याच्या हाती ठेवतो आहोत. एकाच्या कार्डात दोनशे रुपये पडून राहिले तर त्याचे काही नाही. पण असे दहा हजार प्रवासी धरले, तर वीस लाख रुपये होतात. ज्याच्याकडे आगाऊ रक्कम जमते त्याचा धंदा चालतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अर्थात या आगाऊ रकमेचा वटावही आपल्याला मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रोचा विस्तार झाला, तेव्हा कार्डधारकांना भाड्यात दहा टक्के, विद्यार्थ्यांना तीस टक्के आणि शनिवार-रविवारी सर्वांनाच तीस टक्के सवलत जाहीर झाली होती. दहा टक्के वटाव देणारा सौदा वाईट नव्हे. पण तो नित्य जाणाऱ्यालाच परवडतो. वर्षातून दोनदा दर्शनाला किंवा लग्नाच्या खरेदीला पुण्यात जाणाऱ्याने कार्डात पाचशे रुपये अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही. त्याने साधे तिकीट काढावे.

लंडनची रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत सर्वसाधारण बँक कार्ड टेकवून प्रवास सुरू झाला. आगाऊ काही भरायचे नाही. दिवसभराच्या फेऱ्या एकत्र करून त्यांची रक्कम मागाहून खात्यातून वळती होते आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. म्हणजे तेथे वाहतूक संस्था प्रवाशाला दिवसाची उधारी देते. येथे प्रवासी व्यवस्थेला आगाऊ रक्कम देतो. उधारी बुडवणाऱ्याचे कार्ड तेथे नंतर अडवले जाते. आपल्याकडे उधारीचे धाडस केले नाही, याचा दोष मी देणार नाही. ज्याचे बँकेत खाते आहे पण त्यात महिनाअखेरीस काही उरत नाही, अशा प्रवाशासाठी आधी भरून मग जाणेच बरे.

आमच्या दुकानातील मदतनीस चाकणहून येतो. चाकणला अद्याप रूळ पोचलेले नाहीत. आंबेठाण चौकातील कोंडी पार करत तो बसने नाशिक फाट्यापर्यंत येतो, आणि वसुलीला पुण्यात जायचे असले की पुढे मेट्रो. त्याच्यासाठी आम्ही दुकानाचे स्वतंत्र कार्ड घेतले. पूर्वी तो चिठ्ठ्या आणून देई, त्यातल्या निम्म्या हरवत आणि दोघांच्याही मनात किंतु राही. आता फेऱ्यांची यादी काढता येते. (ही यादी त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. माणूस आपला असेल तर सांगावे लागते.)

एक सावधगिरी मात्र सर्वांनी घ्यावी. चिपमधील शिल्लक खर्च करताना पिन लागत नाही. कार्ड हरवले की बँकेला कळवून खाते सुरक्षित करता येते, पण चिपमधील रक्कम रस्त्यात पडलेल्या नोटेसारखी समजावी. म्हणून बाबूजींच्या कार्डात आम्ही तीनशेपेक्षा जास्त ठेवत नाही. तसेच जाताना टेकवलेले कार्डच उतरताना टेकवायचे. पती-पत्नींनी कार्डांची अदलाबदल केली तर नोंद जुळत नाही आणि फाटक अडते.

कार्डाचा जमाखर्च कसा लिहावा, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. मुलाचे म्हणणे, पैसे भरले त्याच दिवशी प्रवासखर्च टाकावा. बाबूजी ऐकेनात. त्यांच्या मते प्रवास झालाच नाही तर खर्च कसला? भरणा झाला त्या दिवशी कार्ड खाते नावे आणि रोख जमा. प्रवास झाला की प्रवासखर्च नावे आणि कार्ड जमा. आमच्या कर सल्लागारांनी बाबूजींच्या बाजूने निकाल दिला. वर मेट्रोच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर नसल्याने परताव्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हेही सांगितले.

आता दर शनिवारी रात्री दुकान वाढवल्यावर बाबूजी रोकडवही उघडतात. मुलगा फोनवर कार्डाची शिल्लक वाचून दाखवतो आणि ते वहीशी ताडून पाहतात. गेल्या शनिवारी फरक आला. फरक वहीतच निघाला. एक फेरी त्यांनी दोनदा लिहिली होती. ती खोडून त्यांनी शेजारी सही केली आणि सोमवारी बोहरी आळीत कोणाकडून वॉशर पाहायचे, त्याची यादी करायला घेतली.