अर्धशिशी, गोळी आणि वीज

प्रवरेकाठचे बेलापूर असो की राज्यातले दुसरे एखादे मोठे गाव, अर्धशिशी उठली की पहिली धाव मेडिकल दुकानाकडे असते. शेजारच्या कर्नाटकातील, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीने गाठलेली माणसे 25.2 टक्के निघाली. बेलापूरच्या अहिल्यानगर जिल्ह्यात चित्र फार निराळे असेल, असे मानायला कारण दिसत नाही. गोळीने ठणका थांबतो, तेव्हा गोळी वाईट नव्हे. पण साधी वेदनाशामक महिन्यातून 15 दिवस, किंवा मिश्र गोळी अथवा ट्रिप्टान ही अर्धशिशीवरची खास गोळी 10 दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली की तीच डोकेदुखी पोसू लागते. विजेच्या सौम्य उपचारांचे खरे मोल मला इथेच वाटते: ते रोग मुळापासून उपटत नाहीत, पण गोळ्यांचे दिवस कमी करण्याची वाट देतात.

पुरावा काय म्हणतो? कपाळावरच्या पट्टीतून ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या शाखांना वीज देणाऱ्या ‘सेफाली’ची चाचणी बेल्जियममध्ये 67 रुग्णांवर झाली. रोज 20 मिनिटे, तीन महिने. दुखण्याचे दिवस निम्म्याने तरी घटले असे रुग्ण 38.1 टक्के होते. नकली यंत्र लावलेल्यांत 12.1. दंडावर बांधायचे ‘नेरिव्हिओ’ 45 मिनिटे जाणवेल पण दुखणार नाही इतकीच वीज सोडते आणि मेंदूची स्वतःची वेदनारोधक यंत्रणा जागी करते. 252 जणांच्या चाचणीत दोन तासांत त्याने 66.7 टक्क्यांना आराम पडला, नकली यंत्राने 38.8 टक्क्यांना.

हा शेवटचा आकडाच आक्षेपकाचे हत्यार आहे: नुसत्या विश्वासानेही इतक्यांना बरे वाटते! ते खरेच आहे, म्हणून तर श्रेय फक्त दोन गटांतल्या फरकाला द्यायचे. तो शंभरात सुमारे 28 जणांचा आहे, आणि डोके धरून अंधारात पडून राहणाऱ्याला तो थोडा नव्हे. मात्र वीज म्हटली की सगळे सारखे नाही. मानेतील व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन देणारे ‘गॅमाकोअर’ झटक्या-झटक्यांनी येणाऱ्या क्लस्टर डोकेदुखीत उपयोगी पडले (आराम पडलेले 34.2 टक्के, नकली यंत्राने 10.6), पण कायमच्या क्लस्टरमध्ये नकली यंत्रापेक्षा सरस ठरले नाही. फिजिओथेरपीतले साधे टेन्स यंत्र कपाळाला लावून हेच फळ मिळेल, असेही समजू नये.

खर्चाचा आक्षेप मला अधिक जड वाटतो. नेरिव्हिओ डॉ. रेड्डीजने 2023 मध्ये भारतात आणले. ते मोबाइलवर चालते आणि ठरावीक वापरांनंतर बदलावे लागते. शेतमजुराच्या घराला हे झेपणार नाही. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी अशी यंत्रे आपल्या बाह्यरुग्ण विभागात ठेवून रुग्णांना वापरायला द्यावीत. वाचकांना विनंती एवढीच, की दुखण्याचे आणि गोळ्यांचे दिवस एका वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पेसमेकर असेल तर असे यंत्र लावू नका. डोके अचानक, पूर्वी कधीच नव्हते इतके दुखले तर यंत्र आणि गोळी दोन्ही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.