मायनर कोणता घ्यायचा?

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर कॉलेजच्या फॉर्मचीही चर्चा सुरू होते. अलीकडे त्यात एक नवा शब्द ऐकू येतो, मायनर. "पोरगी विचारते, इकॉनॉमिक्स घेऊ की बिझनेस? आम्ही काय सांगणार?" असं कितीतरी जणी आम्हाला म्हणाल्या. म्हणून आज त्याविषयी बोलू.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचा मुख्य विषय म्हणजे मेजर आणि त्याच्या जोडीचा दुसरा विषय म्हणजे मायनर. आपल्या राज्यात मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट असतात. वर्गात शिकवायच्या विषयाचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे मुलगी या विषयाला जवळजवळ ३०० तास देणार. मैत्रिणीनं घेतला म्हणून आपणही घ्यावा, इतकी ही लहान गोष्ट नाही.

मग दोन्हींत फरक काय? समजा, उडदाच्या पापडाला पीठ, मसाला, पाकीट धरून किलोला १८० रुपये खर्च आला आणि पापड २४० रुपयांना गेले. आपण म्हणतो, ६० रुपये सुटले. पण लाटणाऱ्या बायांची मजुरी? गाडीभाडं? थकलेली उधारी? हे सगळं धरून खरा नफा काढणं, किंमत ठरवणं, हिशेब ठेवणं, गिऱ्हाईक मिळवणं हे बिझनेसमध्ये शिकवतात.

अर्थशास्त्राचे प्रश्न वेगळे. उडीद यंदा महाग का? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा बाजार समितीत भाव का पडले? महागाई वाढली की रिझर्व्ह बँक व्याजदर का वाढवते? एका दुकानाबाहेरचं, साऱ्या गावाचं आणि देशाचं गणित यात असतं. तक्ते, आलेख, टक्केवारी आलीच.

मुलीला स्वतःचा धंदा करायचा असेल, घरचा वाढवायचा असेल, तर बिझनेस उपयोगी पडतो. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर अर्थशास्त्र. राज्यसेवेच्या परीक्षेत अर्थव्यवस्थेवर प्रश्न असतात. मात्र नुसत्या मायनरवर नोकरी मिळत नाही. मेजरला त्याची जोड मिळते, एवढंच.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. या विषयाला शिक्षक आहेत का? नंतर मायनर बदलता येतो का, आणि कधीपर्यंत? पुढे याच विषयात एम.ए. किंवा एम.कॉम. करायचं ठरलं तर प्रवेश मिळेल का? प्रत्येक विद्यापीठाचे नियम सारखे नसतात. ऐकीव माहितीवर सही करू नका.

आणि एक सोपी परीक्षा घरीच घ्या. गटाची वही मुलीच्या हातात द्या. महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे तिला दाखवा. "या कर्जातून शेळ्या घेतल्या तर हातात किती उरेल?" असं ती विचारते, की "बँकेचं व्याज कमी आणि सावकाराचं जास्त, असं का?" असं विचारते, ते नीट ऐका. पहिला प्रश्न बिझनेसचा, दुसरा अर्थशास्त्राचा.

आपल्याला काय कळतंय, असं म्हणून बाजूला बसू नका. ती वही आपणच लिहिलेली आहे.